हिरव्या पाण्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलेडो शहराने आपल्या नागरिकांना एक विलक्षण सूचना दिली. नळाचे पाणी पिऊ नये, आणि ते उकळूही नये. पाण्याविषयी शंका आली की ते उकळून घ्यावे, ही शिकवण जगभरच्या घराघरांत रुजलेली आहे. टोलेडोत मात्र उकळण्यानेच धोका वाढणार होता. पाण्यात होते ते जंतू नव्हते, ते विष होते. उकळल्याने हे विष मोडत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि भांड्यात उरलेल्या पाण्यात विषाचे प्रमाण वाढते. चार लाखांहून अधिक माणसे ४ ऑगस्टपर्यंत नळाच्या पाण्यावाचून राहिली. दुकानांतील बाटल्या पाहता पाहता संपल्या आणि पाणी वाटण्यासाठी नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. हे घडले ते ईरी सरोवराच्या काठी, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एकाच्या दाराशी. आणि घडले ते जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रात.

हे विष कोणी पाण्यात आणून टाकले नव्हते. ते सरोवरातच तयार झाले होते. पाण्यावर तरंगणाऱ्या एका सूक्ष्म जीवाने ते तयार केले. मग याला निसर्गाचा कोप म्हणावे काय? तसे म्हणणे अनेकांच्या सोयीचे आहे. परंतु तो जीव कोणत्या परिस्थितीत विष निर्माण करतो हे पाहू लागले म्हणजे असे दिसते, की त्या परिस्थितीतील जवळजवळ प्रत्येक घटक माणसाच्या उत्पादनपद्धतीने घडविलेला आहे. म्हणून हा विषय जीवशास्त्रज्ञांचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचाही आहे.

जीव जुना, रोग नवा

मराठीत याला नील-हरित शैवाल म्हणतात. नाव शैवालाचे असले तरी जात जिवाणूंची आहे. म्हणून शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू भरला तो याच्या पूर्वजांनी, दोन अब्ज वर्षांहूनही पूर्वी. याच्या काही जाती भातखाचरात हवेतील नत्र बांधून पिकाला देतात आणि शेतकऱ्याच्या मित्र मानल्या जातात. तात्पर्य, हा जीव स्वभावतः मानवाचा वैरी नव्हे.

त्याच्या विषाची ओळखही आजची नाही. ऑस्ट्रेलियातील मरे नदीच्या मुखाशी असलेल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर दाट साय धरली आणि ते पाणी प्यालेली गुरे मेली, असे वृत्त जॉर्ज फ्रान्सिस या रसायनशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. नवे आहे ते या घटनांचे वारंवार होणे आणि त्यांचे ठिकठिकाणी पसरणे.

टोलेडोच्या पाण्यात सापडलेल्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. मायक्रोसिस्टिस या जातीवरून ते पडले. सात अमिनो आम्लांची साखळी वर्तुळात जोडलेली, अशी त्याची रचना आहे; हे वर्तुळ सहजासहजी तुटत नाही. ते यकृतात शिरते आणि पेशींच्या नियंत्रणाचे काम करणारी प्रथिने निकामी करते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा सुचविली ती लिटरमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढी. यावरून त्याच्या तीव्रतेची कल्पना यावी.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. हिरवे पाणी दिसले म्हणजे ते विषारीच असते असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसणारे दोन वंश एकाच तळ्यात नांदतात. एकाजवळ विष घडविणारी जनुके असतात, दुसऱ्याजवळ नसतात. म्हणून पाणी किती विषारी होईल, हा प्रश्न चार प्रश्नांत विभागून पाहावा लागतो. शैवाल एकूण किती वाढले? त्यात विषारी वंशाचा वाटा किती? प्रत्येक पेशीने विष किती तयार केले? आणि ते विष पेशीच्या आत आहे की पाण्यात सुटले आहे? या चारही प्रश्नांची उत्तरे परिस्थिती देते.

परिस्थिती विष कसे घडविते

पहिला घटक पोषणाचा. शेतकऱ्याला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे पाठ असतात. गोड्या पाण्यात शैवालाची वाढ साधारणतः स्फुरदामुळे अडलेली असते. तो मिळाला की वाढ मोकाट सुटते. हे ज्या प्रयोगाने जगाच्या डोळ्यांपुढे आणले तो १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भागांचे एक लहानसे तळे निवडले आणि मधल्या अरुंद जागी पडदा घालून ते विभागले. एका भागात कर्ब आणि नत्र टाकले. दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि शिवाय स्फुरद टाकला. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला स्वच्छ राहिला. त्या तळ्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र अनेक ग्रंथांहून अधिक बोलके ठरले.

परंतु स्फुरदाने शैवालाचे प्रमाण ठरते. विषाचे प्रमाण ठरविण्यात नत्राचा हात मोठा असतो. मायक्रोसिस्टिनच्या सर्वांत परिचित प्रकाराच्या एका रेणूत नत्राचे दहा अणू असतात. विष हा नत्राच्या दृष्टीने खर्चिक माल आहे. कच्चा माल मुबलक असेल तरच तो पुरेसा निघणार. मायक्रोसिस्टिसला हवेतील नत्र बांधता येत नाही. त्याला तो पाण्यातूनच, नायट्रेट, अमोनिया किंवा युरिया या रूपांत, मिळवावा लागतो. ईरीच्या पश्चिम भागात उन्हाळ्याच्या आरंभी नद्यांतून आलेला नत्र भरपूर असतो, तेव्हा विषाचे प्रमाण चढते. पुढे नत्र ओसरला की पाणी हिरवे दिसत असतानाही त्यातील विष उतरू लागते, असे आढळले आहे.

यावरून शास्त्रज्ञांत एक वाद आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. शिंडलर यांचा आग्रह असा होता, की नियंत्रण स्फुरदावर ठेवावे. कारण केवळ नत्र कमी केला तर हवेतून नत्र घेणाऱ्या दुसऱ्या जाती त्या जागी माजतात. दुसरा पक्ष म्हणतो, की स्फुरद थोडा कमी केला आणि नत्राचा पूर तसाच राहू दिला, तर शैवाल कमी होऊनही जे उरेल ते अधिक विषारी असू शकेल. दोन्ही पक्षांजवळ वर्षानुवर्षांचे पुरावे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांतून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष एकच दिसतो: दोन्ही कमी केले पाहिजेत, आणि एकाच्या निमित्ताने दुसऱ्याला मोकळीक देता कामा नये.

दुसरा घटक उष्णतेचा. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियसच्या वर गेले, की नील-हरित शैवाल इतर शैवालांना मागे टाकते. अमेरिकेच्या ईशान्येकडील तलावांत केलेल्या प्रयोगांत पाणी काही अंशांनी तापविले तेव्हा विषारी वंशाची वाढ बिनविषारी वंशाहून अधिक वेळा वेगाने झाली. मात्र येथे सरसकट विधान करणे बरोबर नाही. थंड पाण्यात एकेका पेशीतील विष वाढते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. सूर्यप्रकाशाचेही तसेच; प्रखर प्रकाशात पेशीवर जो ताण येतो त्यापासून मायक्रोसिस्टिन पेशीच्या प्रथिनांचे संरक्षण करते, असे मानण्यास आधार आहे. विष घडविणारी ही जनुके प्राणिसृष्टी जन्मण्याच्या आधीची आहेत, असे त्यांच्या वंशावळीवरून दिसते. म्हणजे ती माणसाला मारण्यासाठी नव्हती; बदलत्या परिस्थितीत तगून राहण्याचे ते साधन असावे.

तिसरा घटक पाण्याच्या गतीचा. या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. वाहत्या, घुसळत्या पाण्यात त्यांचा उपयोग नसतो. पण पाणी स्थिर झाले की त्यांच्या आधाराने पेशी वर येतात, प्रकाश बळकावतात आणि खालच्या वनस्पतींना अंधारात ठेवतात. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील डार्लिंग-बारवन नदीचा सुमारे हजार किलोमीटरचा पट्टा विषारी शैवालाने हिरवा झाला. नदीचा प्रवाह मंदावला होता. त्याला अवर्षण कारण होते आणि कापसाच्या मोठ्या शेतीसाठी उपसलेले पाणीही कारण होते.

शेवटचा घटक पेशीच्या मृत्यूचा. जिवंत पेशीत विष बहुतांशी आत कोंडलेले असते. पेशी फुटली की ते पाण्यात मिसळते, आणि मग गाळणीने अडत नाही. म्हणून हिरवे पाणी पाहून घाईने मोरचूद टाकणे हा उपाय आगीत तेल ओतणारा ठरू शकतो. तो कसा, हे पुढे पाहू.

ईरी दोनदा आजारी पडले

ईरी सरोवराचा इतिहास या सगळ्याचा मेळ घालून दाखवितो. १९६० च्या दशकात हे सरोवर मेले, असे अमेरिकी वृत्तपत्रे लिहीत होती. शहरांचे मैलापाणी, कारखान्यांचे सांडपाणी आणि कपडे धुण्याच्या भुकट्यांतील फॉस्फेट यांनी ते भरून गेले होते. १९६९ मध्ये त्याला मिळणारी कायहोगा नदी पेटली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. लोकांच्या दडपणामुळे १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडा यांच्यात महासरोवरांच्या पाण्याविषयी करार झाला. सार्वजनिक पैशातून मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहिली, धुलाईच्या भुकटीतील फॉस्फेटवर बंधने आली, आणि १९८० च्या दशकात सरोवर खरोखरच सुधारले. लोकशाही दडपण, सार्वजनिक विज्ञान आणि सार्वजनिक गुंतवणूक ही तिन्ही एकत्र आली तर काय साधते, याचे हे उदाहरण आहे. ते विसरून केवळ निराशेचा सूर लावणे बरोबर होणार नाही.

मग १९९० च्या मध्यापासून हिरवी साय पुन्हा का दिसू लागली? १९७२ च्या कायद्याने नळाच्या तोंडाशी सापडणाऱ्या प्रदूषकाला परवाना घ्यायला लावले. शेतातून, उतारावरून, जमिनीखालून झिरपत येणाऱ्या प्रदूषणाला मात्र त्या बंधनातून बहुतांशी वगळले. ईरीच्या पश्चिम भागाला मिळणारी मॉमी नदी ज्या प्रदेशातून येते तेथे एकोणिसाव्या शतकापर्यंत एक अफाट दलदल होती. ती निचरा करून शेतीखाली आणली गेली. पाणी गाळणारी निसर्गाची चाळणी गेली, आणि जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे आले. मका आणि सोयाबीन यांची विस्तीर्ण शेती, जोडीला डुकरे व कोंबड्यांचे बंदिस्त कारखाने आणि त्यांचे मलमूत्र, असे त्या खोऱ्याचे रूप झाले. जमिनीची धूप थांबावी म्हणून नांगरट न करण्याची पद्धत प्रचारात आली. हेतू चांगला होता. परंतु न नांगरलेल्या जमिनीवर खत वरचेवर फेकले गेले की स्फुरद वरच्या थरात साचतो, आणि मोठा पाऊस पडला की विरघळून नळ्यांतून थेट नदीत उतरतो. तापमानवाढीने वसंतातील मोठे पाऊस वाढले आणि उन्हाळ्यातील पाणी अधिक तापू लागले. २०११ मध्ये त्या काळापर्यंतचे सर्वांत मोठे शैवाल ईरीवर आले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की २०१४ चे शैवाल २०११ च्या मानाने लहान होते. पण ते टोलेडोचे पाणी जेथून उचलले जाते त्या जागी वाऱ्याने लोटले गेले, आणि त्याचे विष पाण्यात सुटलेले होते. काही संशोधकांच्या मते शैवालावर पडलेल्या एका विषाणूने पेशी फोडल्या, हे त्याचे एक कारण असावे. शैवाल मोठे की लहान, एवढ्यावरून धोका मोजता येत नाही.

पुढे काय झाले? ओहायो, मिशिगन आणि ऑन्टॅरिओ यांनी २०१५ मध्ये ठरविले, की ईरीच्या पश्चिम भागात जाणारा स्फुरद २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी करायचा आणि हे २०२५ पर्यंत साधायचे. मुदत संपली, उद्दिष्ट साधले नाही. कारण बहुतेक सर्व उपाय स्वेच्छेवर सोपविलेले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये टोलेडोच्या मतदारांनी सरोवरालाच कायदेशीर हक्क देणारा ठराव बहुमताने संमत केला. एका शेती-व्यवसायाने न्यायालयात धाव घेतली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो ठराव संदिग्ध म्हणून रद्द ठरला. ठरावाच्या शब्दयोजनेत दोष असतीलही. परंतु ज्यांच्या नळाला विष आले त्यांना नदीच्या वरच्या अंगाला काय चालते याविषयी बोलण्याचा अधिकार कोणत्या मार्गाने मिळणार, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

विष सर्वांना सारखे मिळत नाही

टोलेडोतील माणसे तीन दिवसांत सावरली. इतरत्र सर्वांचे नशीब असे नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील पाम बेटावर सरकारने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठिकठिकाणच्या आदिवासींना बळाने आणून वसविले होते. १९७९ मध्ये तेथील १४८ माणसे एकाएकी आजारी पडली. त्यांत बहुसंख्य मुले होती. यकृत सुजले, मूत्रपिंडांवर परिणाम झाला, अनेकांना शिरेतून द्रव द्यावे लागले. रोगाला नाव नव्हते. ‘पाम बेटाचा गूढ आजार’ असेच त्याला म्हटले गेले. पुढे उलगडा झाला तो असा: बेटाला पाणी पुरविणाऱ्या धरणात शैवाल दाट झाले होते, पाण्याला वास येतो अशा तक्रारी होत्या, म्हणून त्यात मोरचूद टाकण्यात आले. शैवाल मेले, पेशी फुटल्या आणि आत कोंडलेले विष नळातून घराघरांत पोहोचले. इलाज करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण ज्ञानावाचून केलेल्या इलाजाची किंमत आदिवासींच्या मुलांनी मोजली.

ब्राझीलच्या ईशान्येला पर्नाम्बुको राज्यात कारुआरू नावाचे शहर आहे. तेथील एका रक्तशुद्धीकरण केंद्रात फेब्रुवारी १९९६ मध्ये १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना दृष्टिदोष, मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. त्यांतील शंभर जणांचे यकृत निकामी झाले, आणि पन्नासाहून अधिक माणसे या विषाने दगावली. अवर्षणाचा काळ होता. धरणातील पाणी पुरेसे शुद्ध न करता टँकरने केंद्रात आणले जात होते. रक्तशुद्धीकरणाच्या एका खेपेला सुमारे १२० लिटर पाण्याचा रक्ताशी संबंध येतो, मध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा. जे विष पोटातून गेले असते तर कदाचित थोडक्यात भागले असते, ते सरळ रक्तात उतरले. माणसांचे जीव या विषाने गेल्याचे हे सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झालेले उदाहरण होय. टंचाईच्या दिवसांत टँकरवर जगणाऱ्या महाराष्ट्राला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे उदाहरण समाजवादी म्हणविणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे असे आहे. चीनमधील ताइहू सरोवरावर मे २००७ च्या अखेरीस शैवाल कुजले, पाण्याला असह्य दुर्गंधी सुटली, आणि वूशी शहरातील सुमारे वीस लाख माणसांना आठवडाभर पिण्याचे पाणी मिळेना. सरोवराच्या काठी कारखाने, वस्त्या आणि खतावर पोसलेली शेती यांची दाटी होती. या प्रदूषणाविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविणारे वू लिहोंग हे कार्यकर्ते त्या वेळी कोठे होते? त्यांना एप्रिलमध्येच अटक झाली होती, आणि सरोवर कुजल्यानंतर, ऑगस्ट २००७ मध्ये, त्यांना खंडणी आणि फसवणूक या आरोपांखाली तीन वर्षांची शिक्षा झाली. राज्यसत्तेवर साम्यवादी पक्ष होता; परंतु नागरिकाचा विरोध करण्याचा हक्क नसेल तर सरकारी सत्ताही खाजगी नफ्याइतकीच आंधळी होऊ शकते. लोकशाहीवाचून समाजवाद नाही, हा आपल्या चळवळीचा जुना आग्रह आहे. ताइहूच्या पाण्याने त्याला आणखी एक पुरावा दिला.

हिशेबाच्या वहीत न आलेला खर्च

अर्थशास्त्रात या प्रश्नाला स्थान नाही असे नाही. पिगू यांनी १९२० मध्येच सांगितले होते, की उत्पादकाचा खाजगी खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च यांत अंतर असू शकते, आणि तेथे कराचा उपाय योजावा. हे विवेचन योग्य आहे, पण अपुरे आहे. त्यात हे अंतर म्हणजे बाजाराच्या यंत्रातील एखादा ढिला खिळा वाटतो. विल्यम कॅप यांनी १९५० मध्ये खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले, की खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा अपघात नसून त्या व्यवस्थेच्या चालण्याचा नेहमीचा मार्ग आहे. मार्क्स तर त्याहूनही मागे गेला होता. लंडनच्या पंचेचाळीस लाख लोकांचे मलमूत्र शेताला परत देण्याऐवजी मोठा खर्च करून थेम्स नदी घाण करण्यात घालविले जाते, ही विसंगती त्याने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात नोंदविली आहे. मातीतून निघालेले सत्त्व शहरात जाते, शहरातून नदीत जाते, आणि रिकाम्या झालेल्या मातीला कारखान्यातून विकतचे सत्त्व आणावे लागते. तेही पुन्हा नदीतच जाते. तळ्यावरची हिरवी साय ही या तुटलेल्या चक्राची खूण आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. शेतकऱ्यावर आणखी एक दोष लादायचा काय? आक्षेप न्याय्य आहे, आणि त्याचे उत्तर नाही असे आहे. मॉमी खोऱ्यातील शेतकरी असो की भीमेच्या काठचा, तो खत अधिक टाकतो तेव्हा मौजेखातर टाकत नाही. पिकाचा भाव त्याच्या हातात नाही, पावसाचा भरवसा नाही, आणि जमिनीची तपासणी करून मोजके खत सांगणारी विश्वासू यंत्रणा दाराशी नाही. खत विकणारा मात्र दाराशी असतो. कमी खताने पीक बुडाले तर कर्ज त्याच्या डोक्यावर, जास्त खताने तळे बुडाले तर तळे सर्वांचे, अशी ही रचना आहे. आपल्याकडे २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आले तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. युरियाची किंमत सरकारने बांधलेली राहिली आणि स्फुरद-पालाशाची खते महागली. स्वस्ताकडे माणूस वळणारच. त्याने नत्राचा तोल बिघडविला असे म्हणण्याआधी किमतीचा तोल कोणी बिघडविला ते विचारले पाहिजे.

आपल्या काठावरचे काम

या सर्वांचा महाराष्ट्राशी संबंध शोधायला दूर जाण्याची गरज नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात उतरते. ते पाणी सोलापूर शहर पिते. उजनीचे पाणी हिरवे झाल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. ज्या परिस्थितीचा ऊहापोह वर केला तिचे बहुतेक घटक तेथे हजर आहेत: शहरी मैला, उसाच्या शेतीचे खत, ऊन आणि अडविलेले स्थिर पाणी. हिरवे पाणी दिसले म्हणून त्यात विष आहेच अशी आवई उठवू नये. पण विष नाही असे गृहीत धरण्याचाही कोणाला अधिकार नाही. तपासणी करणे आणि तिचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

कार्यकर्त्यांना त्यासाठी काही नेमक्या मागण्या करता येतील. जलाशय हिरवा होण्याच्या ऋतूत पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेने मायक्रोसिस्टिनची नियमित तपासणी करावी आणि आकडे मराठीतून प्रसिद्ध करावेत. पाणी उचलण्याच्या जागेपाशी मोरचूद टाकण्यास किंवा कच्च्या पाण्यात भरमसाट क्लोरिन सोडण्यास बंदी असावी. आधी तुरटीने पेशी अखंड खाली बसवून वेगळ्या काढाव्यात, मगच उरलेल्या विषासाठी क्लोरिन किंवा सक्रिय कोळसा वापरावा. रक्तशुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यावर स्वतंत्र देखरेख असावी. शहरांच्या मैलापाण्यातून नत्र आणि स्फुरद काढण्याचा खर्च शहरांनी सोसावा. खालच्या गावांच्या यकृतावर तो टाकू नये. आणि मोजक्या खतासाठी शेतकऱ्याला भावाची हमी, मातीची तपासणी आणि विश्वासू सल्ला मिळावा.

यांतील कोणतीही मागणी विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. ज्या प्रयोगाने स्फुरदाचे कर्म उघडकीस आणले, ती ऑन्टॅरिओतील तळ्यांची प्रयोगशाळा सरकारी पैशावर चाललेली होती. २०१२ मध्ये कॅनडाच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली ती बंद करण्याचा निर्णय घेतला. शास्त्रज्ञ आणि नागरिक यांनी मोठा विरोध केला, आणि २०१४ मध्ये ती एका ना-नफा संस्थेकडे जाऊन वाचली. त्याच वर्षी टोलेडोचे नळ बंद पडले. ज्या विज्ञानाने लोकांना सावध करायचे, तेच आधी अनावश्यक खर्चात काढले जाते, आणि मग संकट आले की कोणाला काही ठाऊक नव्हते असे सांगितले जाते.

दोन अब्ज वर्षांहून अधिक काळ हा जीव पृथ्वीवर आहे आणि परिस्थितीला उत्तर देत आला आहे. अन्न मिळाले की वाढायचे, ऊन मिळाले की वर यायचे, पाणी थांबले की पसरायचे, एवढेच त्याला ठाऊक. परिस्थिती बदलण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही, माणसात आहे. तळ्यात काय जाऊ द्यायचे, नदी किती अडवायची, शेतकऱ्याला कोणत्या भावाने जगू द्यायचे, हे निर्णय सभागृहांत आणि कचेऱ्यांत होतात. ते निर्णय कोण घेतो आणि त्यांचे पाणी कोण पितो, या दोन प्रश्नांची उत्तरे जोवर निरनिराळी आहेत तोवर विष खालच्या काठालाच लागणार. ती उत्तरे एक करणे हे आपले राजकारण आहे.